लॅपटॉप मला मिळाला, ताईचं काय?

४ जुलै २०२५ ची गोष्ट. आमच्याकडे रोवणी नुकतीच सुरू झाली होती. बाबा, आई, ताई आणि मी, सगळेच बांधीत होतो. दुपारी धुऱ्यावर भाकर खायला बसलो तेव्हा मोबाईल पाहिला, तर बँकेचा मेसेज आलेला. खात्यात २५,००० रुपये जमा! मध्य प्रदेशात बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या मुलांना राज्य सरकार लॅपटॉपसाठी हे पैसे देतं. मला ८१ टक्के होते. त्या दिवशी भोपाळच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री मोहन यादव यांनी ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यात मिळून २३५ कोटी ५८ लाख रुपये टाकले. त्यातला एक मी.

ताईनं चिखलाचे हात ओढणीला पुसले, मोबाईल हातात घेतला आणि तो मेसेज दोनदा वाचला. मग म्हणाली, "भेटले न रे बापा एकदाचे! आता चांगला घेजो, दुकानदाराच्या बोलण्यात नको येऊ." माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता.

त्याच महिन्यात ताईची नोकरी गेली.

'गेली' म्हणणंही तसं चूकच. कागदावर ती कधी नोकरी नव्हतीच. ताई अतिथी शिक्षक आहे. आमच्या गावापासून ९ किलोमीटरवरच्या सरकारी शाळेत ती आठ सत्रं गणित आणि विज्ञान शिकवत होती. यंदा उन्हाळ्यातल्या बदल्यांमध्ये तिच्या जागेवर नियमित शिक्षक आले. जागा भरली म्हणजे अतिथी मोकळा. ना नोटीस, ना निरोप समारंभ. पोर्टलवर त्या शाळेच्या नावापुढं रिकामी जागा दिसेना, एवढंच.

मला हा लेख ताईचं रडगाणं म्हणून लिहायचा नाही. ती स्वतःच तसं लिहू देणार नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, तो तुमच्यापुढं मांडायचा आहे. सरकार विद्यार्थ्याला बक्षीस देतं आणि त्याला शिकवणाऱ्याला ऑगस्टमध्ये घरी बसवतं, तर ती मदत नेमकी कोणाला झाली?

आमचं बालाघाट

नागपुरात आल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारतात. "बालाघाट म्हणजे नेमकं कुठं?" आणि "तू एमपीचा, मग मराठी मंडळात कसा?"

तर बालाघाट गोंदियाच्या वर आहे. गोंदियाहून गाडी बदलली की तासाभराचा रस्ता. मध्ये वैनगंगा आहे, भाताची शेती आहे आणि आमचा चिन्नोर तांदूळ आहे, ज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भरवेलीला मँगनीजची खाण, मलाजखंडला तांब्याची. पूर्वेकडं बैहर, बिरसा, परसवाड्याचं जंगल, तिथं गोंड आणि बैगा समाजाची वस्ती. १८६७ मध्ये हा जिल्हा झाला तेव्हा तो मध्य प्रांतात, नागपूर विभागात होता. माझ्या आजोबांच्या लहानपणी आमची राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला नवीन मध्य प्रदेश झाला आणि आमचं तोंड भोपाळकडं वळलं. घरातली बोली मात्र वळली नाही. वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूरकडं आजही घराघरांत पोवारी, मराठी, दोन्हींची सरमिसळ चालते. शाळा हिंदीत, आजी मराठीत, आणि शिव्या दोन्हींत!

म्हणून मी मराठी मंडळात आहे. आणि म्हणूनच शाळेबद्दल लिहितो आहे, कारण माझं सगळं शिक्षण, पहिली ते बारावी, सरकारी शाळेत झालं.

सरकार काही देत नाही, असं नाही

आपल्याकडे सरकारी शाळेचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात, "तिथं काही मिळत नाही." हे खरं नाही. मला काय काय मिळालं ते सांगतो. पुस्तकं फुकट. आठवीपर्यंत दुपारचं जेवण. नववीत दुसऱ्या गावच्या शाळेत जावं लागलं, म्हणून सायकल. बारावीनंतर लॅपटॉपचे पैसे. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत पहिली आली, तिला स्कूटी. २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे, तीत बारावीला राज्य मंडळात ७० टक्के मिळवले आणि घरचं उत्पन्न मर्यादेत असलं, तर पुढच्या शिक्षणाची फी राज्य भरतं. २०२३ पासून सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी एमबीबीएसच्या ५ टक्के जागा राखीव आहेत. मोठ्या इमारतींच्या 'सीएम राईज' शाळा उभ्या राहिल्या, २०२५ मध्ये त्यांचं नाव 'सांदीपनी विद्यालय' झालं.

ही यादी लहान नाही. आणि यातल्या एकाही गोष्टीला मी नावं ठेवणार नाही. ज्या घरात मोबाईलचा रिचार्जसुद्धा धान विकल्यावर होतो, त्या घरात २५,००० रुपये म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. हा लेखही मी त्याच लॅपटॉपवर टाइप करतो आहे.

पण या यादीकडं जरा नीट पाहा. यातल्या बऱ्याच गोष्टी शर्यत संपल्यावर मिळतात. ७५ टक्के मिळाले तर लॅपटॉप, पहिला नंबर आला तर स्कूटी, ७० टक्के मिळाले तर फी. ते ७५ टक्के मिळायचे कसे? शाळेत गणित शिकवायला माणूस असला तर.

आमच्या शाळेत अकरावीच्या गणिताला ऑगस्टच्या शेवटापर्यंत कोणी नव्हतं. मग एक अतिथी सर आले. फार चांगले शिकवायचे. बारावीच्या जुलैत पुन्हा ते नाहीत, पुन्हा पोर्टल, पुन्हा यादी, पुन्हा सप्टेंबर. माझ्या वर्गात ३८ मुलं होती. मला घरी ताई होती. संध्याकाळी ती शाळेतून आली की चहा घेऊन माझ्याबरोबर गणित घेऊन बसायची. बाकी ३७ जणांच्या घरी ताई नव्हती. त्यातले किती जण आज लॅपटॉपवर लेख लिहीत असतील, तुम्हीच विचार करा. माझे ८१ टक्के माझ्या हुशारीचे आहेत असं गावात सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही.

योजना चालत येत नाही

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. योजना भोपाळहून किंवा दिल्लीहून निघते, पण मुलापर्यंत ती शिक्षकाच्या पायांनीच पोचते.

एनएमएमएस शिष्यवृत्तीचं उदाहरण घ्या. केंद्र सरकारची ही योजना २००८ पासून चालू आहे. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या मुलांना मिळते. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली की नववी ते बारावी, चार वर्षं दरसाल १२,००० रुपये. म्हणजे एका मुलाला एकूण ४८,०००. विशेष म्हणजे ही फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आमच्या गावातली जवळपास सगळीच मुलं यात बसतात.

पण बसतात आणि भरतात यात फरक आहे. फॉर्मला काय काय लागतं ते पाहा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचं खातं आणि आमच्याकडची समग्र आयडी. समग्रवर मुलाचं नाव एक, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरात तिसरं. कुठं 'ईश्वरी', कुठं 'इसवरी'. एक अक्षर जुळलं नाही तर फॉर्म पुढं सरकत नाही. आईबाप मजुरीला नागपूरला, हैदराबादला गेलेले. आठवीतल्या पोराला हे कोण करून देणार?

ताई करायची. रविवारी शाळेच्या पोरापोरींना घेऊन ती ऑनलाइन सेंटरवर जायची. एका मुलीच्या आईचं खातं बंद पडलं होतं तर तिच्यासोबत बँकेत दोन दिवस गेली. मग जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून शाळा सुटल्यावर तासभर तयारी करून घ्यायची. या कामाचे तिला वेगळे पैसे मिळत नव्हते, आणि हे काम तिच्या स्कोअर कार्डावर कुठं दिसतही नव्हतं. एका वर्षी तिच्या शाळेतल्या तीन मुली शिष्यवृत्तीत आल्या. तिघींच्या घरी तिला जेवायला बोलावलं होतं.

आता तिथं नवीन शिक्षक आले आहेत. ते वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, कदाचित फार चांगले असतील. पण कोणत्या मुलीच्या आईचं खातं बंद आहे हे कळायला त्यांना दोन वर्षं लागतील. आणि दूरच्या जिल्ह्यातून आलेले शिक्षक सामानाबरोबर बदलीचा अर्जही घेऊनच येतात, असं आमच्या गावात गमतीनं म्हणतात. चूक त्यांचीही नाही. घरदार चारशे किलोमीटरवर असलेल्या माणसाला परत जावंसं वाटणारच.

अतिथी म्हणजे कोण?

महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी थोडं समजावून सांगतो. सरकारी शाळेत नियमित शिक्षकाची जागा रिकामी असेल तर त्या सत्रापुरता जो ठेवला जातो, तो अतिथी शिक्षक. ऑनलाइन नोंदणी होते, पदवी, बी.एड., अनुभव यांचे गुण धरून स्कोअर कार्ड निघतं, मग रिकाम्या जागांची यादी आणि निवड. तीन वर्ग असतात. उच्च माध्यमिकसाठी वर्ग १, सहावी ते आठवीसाठी वर्ग २ आणि प्राथमिकसाठी वर्ग ३.

२ सप्टेंबर २०२३ ला भोपाळला अतिथी शिक्षकांची पंचायत भरली होती. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मानधन दुप्पट करण्याची घोषणा केली. वर्ग १ चं ९,००० वरून १८,०००, वर्ग २ चं ७,००० वरून १४,००० आणि वर्ग ३ चं ५,००० वरून १०,०००. आमच्या घरी त्या दिवशी पेढे आणले होते. म्हणजे पाहा, बी.एस्सी., बी.एड. झालेली, सहा सत्रं शिकवलेली मुलगी त्या दिवसापर्यंत महिन्याला ७,००० रुपयांवर काम करत होती.

पैसे वाढले ही चांगली गोष्ट झाली. पण बाकीचं तसंच राहिलं. एप्रिलअखेर सत्र संपलं की मानधन बंद. मे-जूनमध्ये चूल कशी पेटते, ते विचारायचं नाही. आणि सत्राच्या मध्येच बदलीनं किंवा नव्या भरतीनं नियमित शिक्षक आला, की अतिथी त्या दिवसापासून घरी. आपल्याकडे अतिथी म्हणजे देव, असं म्हणतात. बाबा म्हणतात, "देव कायचा? पाहुणा हाये. पाहुण्यानं जास्त दिवस राहू नये, असंच सरकारले वाटते."

ताई ३१ वर्षांची आहे. स्थळ येतं तेव्हा मुलाकडचे पहिला प्रश्न विचारतात, "नोकरी पक्की आहे का?" आई खाली पाहते. ताईच उत्तर देते, "नाही, पक्की नाही." मग चहापोहे खाऊन मंडळी जातात. सरकारी फायलीत 'अस्थायी' असा एक शब्द असतो. तो शब्द आमच्या घरात रोज जेवायला बसतो, असं म्हटलं तरी चालेल.

हा सिनेमा आधीही झाला आहे

मला वाटायचं हे आजकालचं आहे. पण जुन्या गोष्टी वाचल्या, गावातल्या निवृत्त गुरुजींना विचारलं, तेव्हा कळलं की आमच्या राज्यात हे तीस वर्षं चालू आहे.

१ जानेवारी १९९७ ला, दिग्विजय सिंह मुख्यमंत्री असताना, मध्य प्रदेशात शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. कल्पना फार सुंदर होती. आदिवासी भागात ज्या वस्तीत २५ मुलं आहेत (इतर भागात ४०) आणि एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तिथल्या लोकांनी मागणी करायची, आणि सरकारनं ९० दिवसांत शाळा द्यायची. शिकवायला गावातलाच शिकलेला तरुण, त्याला म्हणायचं 'गुरुजी'. बैहर-परसवाड्याकडं टोले एकमेकांपासून दूर, मध्ये जंगल आणि नाले. तसल्या भागासाठी ही योजना केवढी मोठी होती, हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. १९९८ मध्ये तिला राष्ट्रकुलाच्या एका संस्थेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आणि गुरुजींना मानधन किती? सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये.

गॅरंटी मुलांना होती, गुरुजींना नव्हती. तिथून पुढं नावं तेवढी बदलत गेली. शिक्षाकर्मी, मग २००१ मध्ये संविदा शाला शिक्षक, मग २००७ मध्ये अध्यापक संवर्ग. प्रत्येक वेळी मोर्चे, उपोषणं, आश्वासनं. शेवटी १ जुलै २०१८ पासून अध्यापकांना राज्याच्या शिक्षण सेवेत घेतलं, प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शिक्षक अशी पदं दिली. विसाच्या वर वर्षं गेली एका पिढीची. आणि एका पिढीला दारातून आत घेत असतानाच ओसरीवर दुसरी बसवली होती, तिचं नाव अतिथी शिक्षक.

म्हणून माझं म्हणणं असं की हा एखाद्या पक्षाचा दोष नाही. सरकारं आली आणि गेली. सवय राहिली. शाळा पाहिजे पण शिक्षक स्वस्तात पाहिजे, ही ती सवय.

महाराष्ट्राचं काय?

नागपुरात हे सांगितलं की मित्र म्हणतात, "तुमच्या एमपीत असंच असतं." जरा थांबा. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या यूडायस माहितीप्रमाणे देशात एक लाखाहून जास्त शाळा अशा आहेत जिथं एकच शिक्षक आहे. मध्य प्रदेशात त्या ७,२१७ आहेत, आणि महाराष्ट्रात ८,१५२. तेव्हा हसायचं कोणी कोणाला?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. कलम २६ म्हणतं की कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या राहता कामा नयेत. कायद्याला पंधराच्या वर वर्षं झाली. रिकाम्या जागा भरायला पैसा लागतो, म्हणून त्या अतिथींनी भरतात आणि कागद पूर्ण होतो.

महाराष्ट्रानं २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आणली. तीही कमी पैशात शिक्षक मिळवायचीच युक्ती होती, सुरुवातीला प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला ३,००० रुपये मिळायचे. २०२३ मध्ये ते मानधन १६,००० झालं. त्यावर टीका खूप झाली आणि ती योग्यच आहे. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी आमच्या ताईकडं नाही, ती म्हणजे शेवट. तीन वर्षं काढली, काम समाधानकारक झालं, की वेतनश्रेणी मिळते. माणूस दिवस मोजू शकतो. ताईनं आठ सत्रं मोजली, आणि नववं आलंच नाही.

"मग परीक्षा देऊन का लागत नाही?"

हा प्रश्न मला आपल्याच कॉलेजात एका मित्रानं विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. नियमित शिक्षक परीक्षा देऊन येतात. अतिथींना सरसकट कायम केलं तर अभ्यास करून बसलेल्या मुलांवर तो अन्याय होईल. शिवाय सगळेच अतिथी चांगलं शिकवतात असंही नाही. मीही एकदोन असे पाहिले आहेत की जे वर्गात मोबाईलच पाहत बसायचे. अर्थात तसे नियमितही पाहिले!

ताईनं परीक्षा दिली आहे. पात्रता परीक्षा ती पास आहे. त्यानंतरच्या निवड परीक्षेत थोड्या गुणांनी मागं पडली. दिवसभर शाळा, संध्याकाळी शेत आणि माझं गणित, रात्री तिचा अभ्यास. तिच्यासोबत परीक्षेला बसणारी मुलं इंदूरला, भोपाळला खोली घेऊन वर्षभर फक्त अभ्यास करत होती. भरतीत अनुभवी अतिथींसाठी २५ टक्के जागा राखीव असायच्या, तीन सत्रं आणि २०० दिवसांचा अनुभव लागतो. २०२३ च्या त्याच पंचायतीत हा वाटा ५० टक्के करण्याचीही घोषणा झाली होती. पण जागाच थोड्या निघाल्या तर थोड्यातला अर्धा वाटा किती होणार?

म्हणून मी सरसकट कायम करा असं म्हणत नाही. माझं मागणं त्याहून लहान आहे आणि मला वाटतं ते कोणालाही पटावं.

पहिलं म्हणजे, शाळा उघडते त्या दिवशी शिक्षक वर्गात हवा. रिकाम्या जागांची यादी मे महिन्यातच काढा, जूनमध्ये निवड करा. सप्टेंबरमध्ये आलेला गणिताचा शिक्षक म्हणजे रोवणी झाल्यावर आलेला पाऊस नाही, कापणी तोंडावर असताना आलेला आहे.

दुसरं, सत्राच्या मध्ये कोणाला काढू नका. नियमित शिक्षक आले तर अतिथीला जवळच्या रिकाम्या जागेवर पाठवा, निदान एप्रिलपर्यंत.

तिसरं, मानधन बारा महिन्यांचं द्या. मे-जूनमध्येही पोट असतं.

चौथं, शेवट ठरवा. तीन किंवा पाच वर्षं काम केलेल्यांसाठी दरवर्षी ठरलेल्या वेळी परीक्षा घ्या, अनुभवाचे गुण धरा, जे पास होतील त्यांना घ्या. जे होणार नाहीत त्यांना निदान कळेल तरी की दुसरी वाट धरायची आहे.

आणि पाचवं, गावातल्या शिक्षकाची किंमत ओळखा. आमच्याकडं पहिलीतलं पोर शाळेत येतं तेव्हा त्याला हिंदी नीट येत नाही. ते घरची मराठी, पोवारी बोलतं, बैहरकडं गोंडी बोलतं. राज्यघटनेच्या ३५० क कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं म्हटलं आहे, २०२० चं शिक्षण धोरणही मातृभाषेचा आग्रह धरतं. मराठी माध्यमाची शाळा गावोगाव काढा असं म्हणणं आज स्वप्नच आहे. पण "पानी ला" म्हटल्यावर नुसतं पाहत राहणाऱ्या पोराला "पाणी आन बेटा" म्हणणारी बाई वर्गात असणं, हे काही स्वप्न नाही. अशा बाया गावात आहेत. बहुतेक अतिथी म्हणूनच आहेत.

पैसा कुठून आणायचा, हाही प्रश्न येईल. मी हिशेब करून पाहिला. लॅपटॉपसाठी वाटलेले २३५ कोटी ५८ लाख म्हणजे वर्ग २ च्या सुमारे १४,००० अतिथी शिक्षकांचं पूर्ण वर्षाचं मानधन. किंवा मे आणि जून या दोनच महिन्यांचं धरलं तर सुमारे ८४,००० जणांचं. लॅपटॉप बंद करा असं मी म्हणत नाही. मी घेऊन बसलो आणि आता दुसऱ्याला देऊ नका म्हणणं बरं दिसत नाही. एवढंच म्हणतो की पैसा अगदीच नाही, असं नाही. लॅपटॉप देताना टीव्हीवर कार्यक्रम होतो. मे महिन्यात अतिथीच्या खात्यात १४,००० जमा झाले तर त्याचा कार्यक्रम कोण करणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या खटल्यात त्यांना पदाची किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितलं. शिक्षकांना सन्मानानं जगता येईल असं वेतन देत नसू तर समारंभांत गुरूचे श्लोक म्हणण्यात काही अर्थ नाही, अशा आशयाचं न्यायालयानं सुनावलं. ते वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतला ५ सप्टेंबर आठवला. आम्ही सगळ्या शिक्षकांना गुलाब द्यायचो. अतिथी सरांनाही द्यायचो. त्यांच्या हातात तो गुलाब असायचा आणि नेमणूक झालेली असायची दहा-पंधरा दिवसांपूर्वीची.

दिवाळीला घरी गेलो होतो. ताई आता वारासिवनीला एका खाजगी शाळेत जाते, पगार तिथं आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. संध्याकाळी ओसरीवर पाच मुलं बसली होती. जुन्या शाळेतली, आठवीतली. एनएमएमएसची तयारी करायला नऊ किलोमीटर सायकलनं आली होती, सरकारनं दिलेल्या सायकलनं. मी म्हटलं, "ताई, आता कायले करतेस? तू त्या शाळेत नाहीस."

ती म्हणाली, "पोरं तं त्याच शाळेत हायेत न."

मी काही बोललो नाही. लॅपटॉप उघडून त्या पोरांसाठी जुन्या प्रश्नपत्रिका शोधायला बसलो. मला त्या क्षणी तेवढंच करता येण्यासारखं होतं. बाकीचं ज्यांना करता येण्यासारखं आहे, त्यांच्यापर्यंत हा लेख पोचेल की नाही, सांगता येत नाही. पण आपल्या मंडळातले बरेच जण उद्या बी.एड. करतील, काही जण स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी होतील, एखादा पत्रकार होईल. तुमच्यापैकी कोणाच्या टेबलावर कधी अतिथी शिक्षकांची फाईल आली, तर ती जूनच्या आधी पुढं सरकवा, एवढंच.